रिकाम्या हातानं उतरलेला थोमा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण त्यावरून आमच्या वस्तीत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीची. दुसरा म्हणतो, नंतरची. लहानपणी मी दोन्ही तटांतल्या म्हाताऱ्यांजवळ बसून ही गोष्ट ऐकली आणि दोघांनीही ती मला गळ्याची शपथ घेऊन सांगितली. माझा गोंधळ तेव्हा झाला तो अजून मिटलेला नाही. ऐकता ऐकता तुमचाही थोडा झाला, तर मनाला लावून घेऊ नका. गोष्टीतला माणूस तुमच्याआमच्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता.

तर झालं असं, की गोदावरीनं केव्हातरी कूस बदलली आणि आपलं जुनं पात्र सोडून ती मैलभर पलीकडे गेली. मागे राहिली नुसती वाळू. वर बाभळी, खाली वाळू, तिच्याखाली आणखी वाळू. ती जागा कोणालाच नको होती, म्हणून ती आमच्या वाडवडिलांना मिळाली. बारा-पंधरा घरं होती, सगळी नवीन ख्रिस्ती झालेली. गावच्या पाणवठ्यावर त्यांना आधीही मज्जाव होता आणि बाप्तिस्मा घेतल्यावर तर गावानं बोलणंही टाकलं. बाया मैलभर चालून नदीवर जात. चैतात नदी आटली की पात्रात झिरे उकरत आणि वाटीवाटीनं हंडा भरत. असं म्हणतात, की त्या काळी आमच्या वस्तीतलं लेकरू ‘आई’ म्हणायच्या आधी ‘पानी’ म्हणायला शिकायचं.

दोनदा विहीर खणायला घेतली आणि दोनदा ती ढासळली. वाळू ती, दिवसभर उपसावी आणि सकाळी येऊन बघावं तर खड्डा भरलेला. दुसऱ्या वेळी तर आत काम करणारे दोघं गळ्यापर्यंत पुरले गेले आणि देवाच्या दयेनंच वाचले. मग लोकांचा धीर सुटला. एवढा एक उन्हाळा बघायचा आणि पाणी नाही लागलं तर चंबूगबाळं आवळून ज्यानं त्यानं आपापल्या सोयऱ्यांकडे निघून जायचं, असं ठरलं. तसं झालं असतं तर वस्ती मोडली असती, गवतानं शाकारलेलं छोटंसं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, मोडलं असतं, आणि ही गोष्ट सांगायला मी नसतो आणि ऐकायला तुम्ही नसता.

त्याच वस्तीत थोमा राहत होता.

त्याचं आधीचं नाव भिवा. विहिरी खणणं हाच त्याचा धंदा. कोणी म्हणतात त्यानं एकतीस विहिरी खणल्या, कोणी म्हणतात चाळीस. तो जमिनीला कान लावून झोपायचा आणि उठून सांगायचा, इथं सहा परसांवर पाणी आहे. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढी उंची होते तेवढी. त्यानं सहा परस म्हटलं की पाणी सहा परसांवरच लागायचं, पावणेसहावर नाही, असं म्हणतात. मला हे जरा जास्त वाटतं, पण आमच्या आज्यासमोर तसं बोलायची माझी छाती नव्हती.

एक मात्र खरं. एवढ्या विहिरींत त्याला कधी साधं खरचटलंही नव्हतं आणि त्याचं कारण तो स्वतः सांगायचा. पाण्यात सात बहिणी राहतात, साती आसरा. आमच्या भागात विहीर खणणारा प्रत्येक जण त्यांना मानत आला. पहिली पहार मारायच्या आधी भिवा त्यांना सात हिरव्या बांगड्या द्यायचा, भाताचे सात मुटके द्यायचा आणि एक काळी कोंबडी द्यायचा. त्याच्या आईनं त्याला तसं शिकवलं होतं आणि तिला तिच्या सासूनं. एकदा दिलं, की तो निर्धास्त. मग खाली अंधार असो, कपारीत साप असो, तो शीळ घालत उतरायचा.

असा भिवा ख्रिस्ती झाला तो काही समजून-उमजून नाही. तापाची साथ आली आणि त्याची सहा वर्षांची मुलगी गेली. साथीच्या भीतीनं सख्खे भाऊसुद्धा दारात आले नाहीत. देवळाचे देवदान मास्तर तेवढे आले. मास्तर पुस्तकं वाचणारा माणूस, हात मऊ. त्यांनी फावडं उचललं आणि भिवाच्या बरोबरीनं त्या लेकराची कबर खणली. तळहातांना फोड आले, ते फुटले, फावड्याच्या दांड्याला रक्त लागलं, तरी ते थांबले नाहीत. भिवा ते बघत होता. महिन्याभरानं तो आणि त्याची बायको तान्हाई, दोघं देवळात गेले आणि म्हणाले, ‘तुमचा देव आमाला द्या.’

मास्तरांनी त्याचं नाव थोमा ठेवलं. प्रभूच्या बारा शिष्यांतला तो एक, ज्याला हात लावून बघितल्याशिवाय पटेना. हे ऐकून भिवा म्हणाला, ‘बरं हाय. मला बी पटत न्हाई लवकर.’

आणि खरंच पटत नव्हतं. पहिल्या रविवारी तो उपासनेला काळी कोंबडी घेऊन आला. मास्तरांनी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, देवाला. मास्तर म्हणाले, देव कोंबडी घेत नाही. दुसऱ्या रविवारी त्यानं नारळ आणला. तोही परत. तिसऱ्या रविवारी त्यानं विचारलं, मग उपास धरू का? मास्तर म्हणाले, धर, पण त्याला द्यायचा म्हणून नको धरूस. थोमा डोकं खाजवत घरी गेला. ती कोंबडी पुढे म्हातारी होऊन आपल्या मरणानं मेली, असं म्हणतात.

मास्तर देवळात सांगायचे, की ख्रिस्ती माणसानं येशूवर उभं राहायचं असतं, दुसऱ्या कशावर नाही. लोक माना डोलवायचे. माना डोलवायला काय जातं? थोमाची मान मात्र हलायची नाही. एकदा तो भर उपासनेत उठला आणि म्हणाला, ‘मास्तर, उभं राह्याचं त्ये समजलं. पर पाय टेकल्यावर लागतंय का काई? का नुसतं म्हनायचं?’ लोक हसले. त्यानं थट्टेनं विचारलेलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

पहिल्या दोन वेळी तो अजून वस्तीत आलेला नव्हता; विहिरीचं काम तिसऱ्यांदा निघालं तेव्हा मात्र सगळे थोमाकडे आले. थोमा आजवर मुरमात आणि काळ्या दगडात खणत आलेला. वाळूत खणायची रीत त्यानं फक्त बापाच्या तोंडून ऐकली होती. ती रीत अशी. उंबराच्या लाकडाचं मोठं गोल कडं करायचं, बैलगाडीच्या चाकाच्या तिप्पट. उंबर पाण्यात कुजत नाही. ते कडं जमिनीवर आडवं ठेवायचं आणि त्याच्यावर विटांची गोल भिंत बांधायची, कमरेएवढी. मग माणसानं आत बसायचं आणि कड्याच्या खालची वाळू चारी बाजूंनी सारखी काढत राहायचं. कडं भिंतीसकट खाली बसतं. वर पुन्हा भिंत बांधायची आणि खालून पुन्हा वाळू काढायची. असं करत करत अख्खी विहीर वरून खाली जाते आणि खणणारा तिच्याबरोबर खाली जातो.

लोकांना हे ऐकून चक्करच आली. पाया आधी वर घालायचा आणि मग तो खाली न्यायचा! पण दुसरा इलाज नव्हता. उंबर तोडला, सुतारानं कडं केलं, बायांनी विटा वाहिल्या, आणि माघ महिन्यात काम सुरू झालं.

पहिला परस गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. थोमा आत उतरायचा खरा, पण आता त्याची शीळ बंद झाली होती. आसरांना काही दिलेलं नव्हतं, आणि नव्या देवाला काही द्यायची सोय नव्हती. उतरताना त्याचे पाय लटपटायचे. हे तान्हाईला दिसत होतं.

चौथ्या परसाला कडं कललं. पूर्वेची बाजू हातभर खाली गेली आणि पश्चिमेची वरच अडकून राहिली. वरची सगळी भिंत तिरकी झाली आणि तिला बोटभर रुंद चीर पडली. आत काम करणारे दोरावरून सरसर वर आले आणि पुन्हा उतरायला कोणी तयार होईना. कारण आता एकच उपाय होता. कोणीतरी तळाशी पालथं पडून पश्चिमेच्या कड्याखालची वाळू हातानं काढायची. वाळू निघाली, की ती बाजू एकदम खाली येणार. सरळ आली तर विहीर वाचली. नाही आली, तर चार परस विटा त्या माणसाच्या अंगावर.

हे काम थोमाशिवाय कोणाला जमणार नव्हतं. आणि थोमाचा पाय खाली पडेना.

असं म्हणतात, की तो तीन दिवस विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला. कोणी सात दिवस म्हणतात, पण सात दिवस भिंत तशी थांबली नसती, एवढी अक्कल मला आहे. तो खाली बघायचा, मग देवळाकडे बघायचा, मग पुन्हा खाली. तान्हाई भाकर आणून ठेवायची, ती कावळे न्यायचे.

दुसऱ्या दिवशी देवदान मास्तर त्याच्याजवळ येऊन बसले.

‘मास्तर,’ थोमा म्हणाला, ‘आसरांचं कसं व्हतं, कोंबडी दिली का मला कळायचं, झालं, आता म्या मोकळा. ह्याला काय देऊ?’

‘काही नाही.’

‘कायच न्हाई?’

‘तो घेतच नाही, थोमा. त्यानंच दिलं. मरणात उतरायचं होतं ते तो आपल्याआधी उतरला, अगदी तळापर्यंत. म्हणून त्याच्यावर उभं राहायचं.’

‘पर घेत न्हाई म्हंजे बांधला जात न्हाई. आन् बांधला जात न्हाई, तर वाळू फुटल्यावर त्यो तितं असंल ह्याचा भरवसा काय? मला काई दिसत न्हाई, काई हाताला लागत न्हाई. म्या कशाच्या जिवावर पाय खाली टाकू?’

मास्तर पुष्कळ शिकलेले होते. पण ह्यावर ते उठले आणि देवळाकडे चालू लागले. त्यांचे डोळे भरले होते, असं म्हणतात. थोमाला वाटलं मास्तर रागावले, आणि तो आणखीच घाबराघुबरा झाला.

तिसऱ्या दिवशी राणूजी आला. राणूजी वस्तीतला वडीलधारा, उपासनेला पहिल्या रांगेत बसणारा, पण जुन्याचा धाक मनातून न गेलेला. त्याला वाईट म्हणू नका. त्याला थोमाचा जीव वाचवायचा होता, दुसरं काही नाही. त्यानं इकडेतिकडे बघून थोमाच्या हातात चिंधीची पुरचुंडी ठेवली. आत हिरव्या बांगड्यांचे सात तुकडे होते. ‘कनवटीला लाव आन् खाली गेल्यावर वाळूत सोडून दे,’ तो कानात म्हणाला. ‘कुनाला कळतंय?’

थोमानं पुरचुंडी कनवटीला लावली. असं म्हणतात, की त्याबरोबर त्याच्या पायांचं लटपटणं थांबलं. आणि पाय थांबले हे बघून त्याला रडू आलं. त्याचं त्यालाच कळेना, की हे रडू आनंदाचं आहे की कशाचं.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, दोर सोडा. सगळी वस्ती जमा झाली. मास्तर धावत आले आणि त्यांनी आपल्या गळ्यातला छोटा लाकडी क्रूस काढून थोमाच्या गळ्यात घातला. तान्हाईनं दोर त्याच्या कमरेला बांधायला घेतला. बांधता बांधता तिच्या हाताला ती पुरचुंडी लागली.

‘अहो, हे काय हाय कनवटीला?’ तिनं हळूच विचारलं.

थोमानं तोंड फिरवलं.

तान्हाईनं बोटांनी चाचपलं आणि तिला कळलं. ती चिडली नाही. ती म्हणाली, ‘ठेवायचं असंल तर ठेवा. टाकायचं असंल तर टाका. पर चोरून नगा नेऊ. आपली पोर गेली तवा त्या मास्तरांनी काई चोरून केलं न्हवतं.’

थोमानं पुरचुंडी काढली आणि सगळ्यांसमोर काठावर ठेवली. राणूजीनं मान खाली घातली. थोमाचे पाय पुन्हा लटपटायला लागले, हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्यानं जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं गळ्यातला क्रूसही काढला आणि बांगड्यांच्या शेजारी ठेवला.

मास्तरांचा चेहरा पडला. ‘थोमा, हा का?’

‘राग मानू नगा, मास्तर,’ थोमा म्हणाला. ‘ह्यो गळ्यात आला आन् मला वाटाया लागलं, आता मला काई व्हनार न्हाई. कोंबडी दिल्यावर वाटायचं तसंच. माझ्या हातात ह्याची बी कोंबडीच झाली बगा. तुमी म्हनता त्यो घेत न्हाई. मंग मला काई घिऊन जाऊन चालनार न्हाई.’

मग तो काठावर बसला, पाय आत सोडले, आणि खाली बघत मोठ्यानं म्हणाला, ‘मला काई कळत न्हाई. माझ्यापाशी देयाला बी काई न्हाई. पर म्या उतरतो. तू खाली अस.’

आमच्या वस्तीत ही प्रार्थना लेकरांनाही पाठ आहे. एवढीच आहे. शेवटी आमेन म्हणायचं राहून गेलं होतं, ते आम्हीही म्हणत नाही.

तो उतरला. वरच्यांना फक्त त्याच्या हातांचा आवाज येत होता, वाळू ओढल्याचा. मग भिंत कण्हली. मग एक वीट निसटून खाली गेली. आणि मग एकदम खालून पाण्याचा आणि वाळूचा लोंढा फुटला. त्या आवाजानं बाभळीवरची पाखरं उडाली. वरच्या चौघांनी दोर ओढला तर तो हलका लागला. तुटलेलं टोक हातात आलं. तान्हाई काठावर पालथी पडली आणि खाली ओरडली. खालून उत्तर आलं नाही. वाळू वर वर येत होती. ती थोमाच्या गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली. भिंत त्याच्या डोक्यावर वाकली होती.

आता इथून पुढे सगळे वेगवेगळं सांगतात. काही म्हणतात, त्यांनी थोमाला बोलताना ऐकलं, किंचाळताना नाही, शेजारी कोणी उभं असल्यासारखं बोलताना. काही म्हणतात, आवाज दोन होते. काही म्हणतात, भिंत थोमाच्या खांद्यावर टेकली आणि त्यानं ती उभ्या उभ्या सरळ केली. चार परस विटांचं वजन किती होतं ते एकदा मोजा, म्हणजे तुम्हाला कळेल मी हे सांगताना का अडखळतो. पण सरळ झाली हे खरं, कारण ती अजून सरळ आहे. पश्चिमेची बाजू धडदिशी खाली आली, चीर मिटली, आणि कडं ओळंब्यात बसलं.

मग पाणी आलं. गढूळ, मग पिवळं, मग निवळ. ते वर चढत गेलं आणि थोमाला उचलून घेऊन आलं, आणि काठ हातभर राहिला तेव्हा तान्हाईनं त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. त्याच्या तोंडात वाळू होती, कानात वाळू होती, केसांत वाळू होती. पण त्याच्या तळपायांना वाळूचा एक कणही नव्हता, असं म्हणतात. तान्हाईनं ते पाय मांडीवर घेऊन चारचौघांना दाखवले.

तो शुद्धीवर आल्यावर सगळ्यांनी त्याला घेरलं. खाली काय होतं? वाळूनं तुला गिळलं कसं नाही?

थोमा म्हणाला, ‘म्या खाली चाललो व्हतो. मंग पाय टेकले.’

‘कशावर?’

‘वाळू न्हवती. दगड न्हवता. काय व्हतं त्ये मला कळलं न्हाई.’

लोकांनी पुढे पाणी उपसून पुष्कळदा तळ बघितला. लोहारानं बारा हात लांब सळई करून दिली, ती तळाशी ठोकली. नुसती वाळू. मागच्याच पिढीत यंत्र आणून भोक पाडलं, तेव्हाही वाळूच. आमच्या विहिरीखाली खडक नाही. थोमा मात्र उभा राहिला होता.

राणूजी शेवटपर्यंत म्हणत राहिला, की आसरांनीच त्याला तोलून धरलं, त्यांना दया आली. एकदा तो थोमाच्या तोंडावर तसं म्हणाला. थोमा त्याच्याशी भांडला नाही. तो बराच वेळ विचार करत बसला, कारण त्याला विचार करायला वेळच लागायचा. मग म्हणाला, ‘राणूदादा, मला तळाचं काई दिसलं न्हाई, म्हून म्या पैज लावत न्हाई. पर आसरांना म्या काई दिलं न्हवतं. म्या कुनालाच काई दिलं न्हवतं. ज्यानं धरलं त्यानं काई न घेता धरलं. आन् न घेनारा मला येकच ठावं हाय.’

राणूजी रोज त्या विहिरीचं पाणी प्यायचा, एवढं सांगतात.

थोमाचं नाव झालं. लांबून लांबून लोक त्याला बघायला यायला लागले आणि नारळ, फुलं, गूळ आणायला लागले. गावातले लोकही आले, ज्यांनी बोलणं टाकलं होतं ते. थोमा ह्या सगळ्यानं अगदी भांबावून जायचा. तो त्यांचे नारळ त्यांच्याच हातात परत द्यायचा, वर तांब्याभर पाणी द्यायचा आणि म्हणायचा, ‘मला इचारू नगा, मला काई येत न्हाई.’ लोकांना वाटायचं हा फार पोचलेला माणूस आहे. तसं काही नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं आणि ते तो खरंच सांगत होता.

त्यानंतरही त्यानं पुष्कळ विहिरी खणल्या. प्रत्येक वेळी तो आधी काठावर पाय सोडून बसायचा, पाय लटपटायचे, आणि तो तेच चार शब्द म्हणून उतरायचा. कोणी विचारलं, आता तरी भीती गेली का, तर म्हणायचा, ‘कुटं जातीय!’ शीळ त्याला पुन्हा कधी वाजवता आली नाही. हे ऐकून मला लहानपणी फार वाईट वाटायचं. गोष्टीतल्या माणसाची भीती गोष्ट संपेपर्यंत जावी, असं मला वाटायचं.

तो गेला तेव्हा तान्हाई उशाशी होती. तिनं विचारलं, ‘भ्या वाटतंय का?’ तो म्हणाला, ‘वाटतंय की. आता बी तळ दिसत न्हाई.’ आणि थोड्या वेळानं, ‘जातो मंग.’ त्याचे दोन्ही तळहात उघडे होते, असं म्हणतात. हे कोणीतरी मागाहून घातलेलं असावं असा मला संशय आहे, पण तान्हाई सांगून गेली म्हणतात, आणि तान्हाईला खोटं बोलता यायचं नाही.

त्याची कबर कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही. लोकांनी तिथं नारळ ठेवू नयेत म्हणून त्यानंच खूण करू दिली नाही. त्याची तसबीर नाही, पुतळा नाही, जत्रा नाही. पण त्याच्या नावानं आम्ही एक गोष्ट करतो, आणि ती दुसऱ्या कुठल्याही देवळात करत नाहीत.

विहिरीला लागून एक हौद बांधलेला आहे, चार पायऱ्यांचा. आमच्याकडे बाप्तिस्मा तिथं होतो. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा असतो तो अंगठी, घड्याळ, फोन, गळ्यात काही असेल तर ते, अगदी क्रूससुद्धा, काढून काठावर ठेवतो. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्याला सगळीकडच्या बाप्तिस्म्यात विचारतात ते सगळे प्रश्न विचारतात. ते संपले, की आणखी एक विचारतात. देवदान मास्तरांनी थोमा गेला त्या वर्षी तो सुरू केला. त्याला आम्ही थोमाचा प्रश्न म्हणतो.

‘तुला सगळं समजलं का?’

काही वर्षांपूर्वी आमच्यातलाच एक तरुण, अमोलिक, शहरात शिकून, मोठी पदवी घेऊन बाप्तिस्म्यासाठी आला. तो पायरीवर उभा राहिला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, ‘होय, समजलं.’ पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, ‘मग बस जरा बाजूला, बाळा. घाई नाही.’ तो रागावून गेला. आम्हाला अडाणी म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. नंतरच्या वर्षात त्याच्या घरी काय काय झालं ते सांगण्याची ही जागा नाही. त्याची आई गेली, एवढंच सांगतो.

पुढच्या वर्षी तो परत आला. वाळला होता. त्यानं घड्याळ काढून काठावर ठेवलं आणि पायरीवर उभा राहिला. त्याचे पाय लटपटत होते, आणि आम्ही सगळे ते बघत होतो. पाळकांनी सगळे प्रश्न विचारले. मग शेवटचा विचारला.

अमोलिकनं खाली पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘नाही.’

तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे हौदाभोवती उभे असलेले सगळे, पाळक, म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळे एका आवाजात म्हणाले,

‘आम्हालाही नाही. उतर.’